शंका घेऊनच आत या: मुंबईत ख्रिस्ती विश्वासाकडे वळणाऱ्यांसाठी

पश्चिम रेल्वेची लोकल जिथे शेवटची थांबते त्या स्टेशनचं नाव एका चर्चवरून पडलंय. फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलकडे जाणारा जुन्या किल्ल्याचा दरवाजा, तो चर्चगेट. 1718 च्या नाताळात हे चर्च उपासनेसाठी खुलं झालं आणि पुढे मुंबईतले मैलाचे दगड तिथून मोजून रोवले गेले. ज्याचं नाव त्याला दिलंय तो थोमा कोण? येशू मेलेल्यातून उठलाय असं बाकीचे शिष्य सांगत असताना, हातातले खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय आणि त्यात बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, असं ज्याने सगळ्यांना तोंडावर ऐकवलं, तोच. म्हणजे या शहराची अंतरं एका शंकेखोराच्या दारापासून मोजलेली आहेत.

हा लेख दोन तऱ्हेच्या लोकांसाठी आहे. काही जण जन्माने ख्रिस्ती असतात, लहानपणी कॅटेकिझमला (कॅथलिक मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला) किंवा प्रोटेस्टंटांच्या शब्बाथ शाळेला गेलेले असतात, पण आता मिस्साला (कॅथलिकांच्या उपासनेला) उभं राहिलं तरी आत काही हलत नाही. काही जण ख्रिस्ती नसतात, पण मैत्रिणीसोबत एखाद्या बुधवारी माहीमच्या चर्चला गेले किंवा कुणी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, हातात ठेवला, आणि मन तिथेच अडकलं. दोघांचा एक गैरसमज सारखाच असतो. आधी मन साफ झालं पाहिजे, शंका फिटल्या पाहिजेत, जरा बरा माणूस व्हायला पाहिजे, मग देवाकडे जायचं. हा क्रम उलटा आहे. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची कहाणी सांगणाऱ्या बायबलातल्या चार पुस्तकांत, येशूकडे आलेली बहुतेक माणसं कुठल्यातरी अडचणीत असताना आली आणि अर्ध्या विश्वासाने आली.

मी मराठी प्रोटेस्टंट घरातला, बायको वसईकडची कॅथलिक. त्यामुळे पाळक आणि फादर, उपासना आणि मिस्सा, दोन्हीकडचे शब्द खाली येतील. गोंधळून जाऊ नका.

आधी जेवा आणि झोपा

हा सल्ला माझा नाही, बायबलचा आहे. जुन्या करारात 1 राजे या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात एलीया नावाचा संदेष्टा येतो. मोठं काम करून बसलेला माणूस. राणी ईजबेल जिवावर उठते तेव्हा हा पळतो, वाळवंटात दिवसभर चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, आता मला मरू दे. त्यावर देव त्याला प्रवचन देत नाही. "तुझा विश्वास कुठे गेला?" असंही विचारत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो, पितो, परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो आणि सांगतो, वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे. बोलणं त्यानंतर, बऱ्याच दिवसांनी, डोंगरावर होतं.

मुंबईत निम्म्या शंका रात्री साडेबारानंतर येतात. विरारहून फोर्टला जाऊन-येऊन जो माणूस पाच तास झोपतो, त्याला देव लांब गेल्यासारखा वाटला तर त्यात अध्यात्म किती आणि थकवा किती हे त्यालाही सांगता येत नाही. म्हणून आठवडाभर मोठे प्रश्न बाजूला ठेवा. वेळेवर जेवा, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एकच खोली असेल तर कपाटात ठेवा. त्यानंतरही शंका तशीच असेल तर ती खरी शंका आहे, तिच्याशी बोलता येईल.

आणि हे स्पष्ट सांगायला हवं. झोप उडून दोन-दोन आठवडे झाले, कशातच रस वाटेना, जगून काय करायचं असे विचार यायला लागले, तर चर्चच्या आधी डॉक्टर. सरकारचा टेली-मानस हा फोन 14416 वर रात्रंदिवस आणि फुकट असतो, मराठीत बोलता येतं. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, पौलाने लूकला कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात काय म्हटलंय? "प्रिय वैद्य." तिसरं शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे तोच हा लूक.

शंका कुठली आहे ते बघा

सगळ्या शंका एका जातीच्या नसतात, आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही.

काहींची शंका डोक्यातली असते: देव आहे कशावरून, मेलेला माणूस उठेल कसा, बायबल कुणी लिहिलं. यांना पुस्तकं हवीत आणि वाद घालायला एक शिकलेला पाळक किंवा फादर हवा. भावगीतासारखी उत्तरं देऊन यांची बोळवण करू नये. पंडिता रमाबाई याच जातीच्या. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर ज्या सिस्टरने त्यांना शिकवलं तिच्याशीच पत्रांतून सिद्धांतांवर कडाडून भांडल्या. मला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. मनाला थारा मिळायला त्यांना बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं लागली. मधल्या काळात त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. 1889 मध्ये मुंबईत चौपाटीवर विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू झालं ते याच वर्षांत.

दुसरी शंका दुःखातून येते. बापाच्या कॅन्सरसाठी माहीमच्या चर्चचे नऊ बुधवार केले, तरी तो गेला. इथे पुरावे मांडून उपयोग नाही, कारण प्रश्न "देव आहे का" हा नसतोच. "होता तर त्या दिवशी कुठे होता" हा असतो. याला उत्तर देणाऱ्यापासून चार हात लांब राहा. सोबत बसणारा शोधा.

तिसरी शंका चर्चमधल्या माणसांनी दिलेली असते. कमिटीतली भांडणं, पैशाचे घोळ, कुणी केलेला अपमान, आडनाव ऐकून बदललेला चेहरा. हो, चर्चमध्येही जात आहे, आणि ज्यांनी ती भोगली त्यांना "माणसांकडे बघू नका, देवाकडे बघा" हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ आहे. चर्च बदला. त्यात पाप नाही.

चौथी शंका देवाविषयी नसते, स्वतःविषयी असते: देव असेल, पण माझ्यासारख्यासाठी कशाला? मुंबईत मला हीच सर्वांत जास्त भेटते. तिच्यासाठी खाली वेगळी जागा ठेवली आहे.

आपली शंका एका वाक्यात वहीत लिहा. वाक्य जमत नसेल तर थकवाच असण्याचा संभव जास्त, मागच्या पायरीवर जा.

वाचायचं काय, आणि कुठून

उत्पत्तीपासून सुरुवात करू नका. नवे लोक उत्साहाने पहिल्या पानापासून लागतात आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या नियमांत त्यांची गाडी रुतते. मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत, एका रविवारी दुपारी वाचून होतं. मग लूक, रोज एक अध्याय, चोवीस दिवस. सोबत स्तोत्रसंहिता, वाटेल ते पान.

मराठी बायबल घेताना दुकानात उभं राहून चार ओळी वाचून बघा. जुन्या वळणाचं भाषांतर भारदस्त आहे आणि कानाला गोड लागतं, पण नव्या वाचकाला अडखळायला होतं. सोप्या मराठीतलंही मिळतं. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट बायबलात 66, म्हणून दोन प्रती सारख्या नसल्या तर दचकू नका. छापील प्रत नको असेल तर फोनवर मोफत अॅप आहेत, त्यांत मराठी वाचन ऐकायलाही मिळतं. गर्दीच्या डब्यात, जिथे पान उलटायला कोपर हलत नाही, तिथे ते बरं पडतं. (कवी ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो रेल्वेच्या डब्यातच, राजनांदगावच्या वाटेवर, एका अनोळखी गोऱ्या माणसाकडून. त्यांनी तो लगेच मान्य केला असं मुळीच नाही. वाचत गेले, झगडत राहिले, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागून गेल्या नाहीत. त्या वेगळ्या राहिल्या, स्वतः विचार केला आणि काही वर्षांनी आपल्या वाटेने आल्या.)

वाचताना जिथे अडलं तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा. पवित्र पुस्तकावर कसं लिहायचं, असं वाटतं अनेकांना. लिहा. कुणी रागावणार नाही.

प्रार्थना म्हणजे तक्रार सुद्धा

नव्या माणसाला वाटतं प्रार्थनेची एक भाषा असते, "हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या" वगैरे. ती भाषा आहे आणि छान आहे, पण सुरुवात तिथून करायची सक्ती नाही. स्तोत्र 13 उघडा. पहिलंच वाक्य म्हणजे भांडण आहे: परमेश्वरा, किती काळ? तू मला कायमचा विसरणार काय? स्तोत्र 88 तर त्याहून पुढचं. रडत सुरू होतं आणि अंधारात संपतं. शेवटी "तरीही देवा, तू चांगला आहेस" अशी गोड ओळसुद्धा नाही. ज्यांनी बायबल जमवलं त्यांनी हे स्तोत्र गाळलं नाही, त्यावर दुसरा शेवट चिकटवला नाही. देवळात गाण्यासाठी ठेवलं. क्रूसावर येशूने जे ओरडून म्हटलं, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, ती 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे.

तेव्हा पहिला आठवडा एवढंच करा. रोज एक तक्रारीचं स्तोत्र मोठ्याने वाचा आणि त्याखाली आपली तक्रार साध्या मराठीत सांगा. "देवा, मला इंटरव्ह्यूला बोलावतात आणि मग कळवतच नाहीत. मी कंटाळलो." एवढी प्रार्थना पुरते. मार्कच्या 9व्या अध्यायात एका आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका श्वासात दोन्ही. येशू त्याला "आधी नीट ठरव" म्हणून परत पाठवत नाही, मुलाला बरं करतो.

दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळची उजळणी सुरू करा. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली ही पद्धत जेझुइट लोक, म्हणजे त्यांच्या संघातले कॅथलिक धर्मगुरू, अजून पाळतात, आणि परतीच्या लोकलमध्ये ती चांगली बसते. अंधेरी येईपर्यंत आजची एखादी गोष्ट आठवायची जिच्याबद्दल आभार मानावेसे वाटतात. गोष्ट लहानच धरा: कुणीतरी चौथी सीट दिली, डब्यातली भाजी बरी झाली होती. मग देवाला म्हणायचं, आजचा दिवस मला नीट दाखव. बोरिवलीपर्यंत सकाळपासून आत्तापर्यंतचा दिवस सावकाश चाळायचा. कुठे मन हलकं झालं, कुठे आवळलं. जिथे आपण कुणाशी वाईट वागलो तिथे थांबून क्षमा मागायची. आणि उतरण्याआधी उद्याची एक गोष्ट त्याच्या हाती द्यायची. डुलकी लागली तर लागू द्या. एलीया आठवा.

हे करून पहिल्या महिन्यात काही वाटेलच असं नाही. प्रार्थनेत काही "जाणवणं" ही गोष्ट फार मोठी करून सांगितली जाते. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये छापून आली तेव्हा जग चकित झालं. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं. तरी रोज पहाटे त्या प्रार्थनेला बसत आणि मग कामाला जात. चर्चने ही पत्रं माहीत असूनही 2016 मध्ये त्यांना संत घोषित केलं.

कुठे जायचं, गेल्यावर काय करायचं

पहिल्यांदा जाताना रविवार टाळा. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी दुपारी, चर्च उघडं असेल तेव्हा जाऊन मागच्या बाकावर पंधरा मिनिटं बसा. शहरात फुकटात शांत बसायला मिळणाऱ्या जागा फार थोड्या आहेत, आणि इथे कुणी "काय हवंय" म्हणून विचारत नाही. फोर्टमधलं सेंट थॉमस, कुलाब्याचं अफगाण चर्च, दादरचं पोर्तुगीज चर्च, वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरी. पोर्तुगीज चर्चची आताची इमारत चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली आहे, आत गेल्यावर छताकडे बघा. दार बंद असेल तर फाटकावरच्या फलकावर वेळा असतात.

गर्दीत बरं वाटणारे लोकही असतात. त्यांनी बुधवारी माहीमला सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ बुधवारांच्या प्रार्थनेला, जावं. 1948 पासून हा बुधवार चालू आहे, आणि रांगेत अर्धे लोक तरी ख्रिस्ती नसतात. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ज्याची अडचण तो त्या आकाराचं मेण घेऊन जातो. माझ्या घरी लहानपणी हा प्रकार नव्हता, आणि बुद्धीला तो अजूनही पटत नाही. पण आपलं दुखणं हातात धरता येईल एवढं करून, अनोळखी माणसांच्या रांगेत उभं राहून पुढे नेऊन ठेवणं, यात काहीच नाही असं मी आता म्हणणार नाही. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर माउंट मेरीची जत्रा असते, तेव्हा मात्र शांततेची अपेक्षा धरून जाऊ नका. फुगे, शेंगा आणि मुंगीच्या पावलांची रांग.

मग रविवार. कॅथलिक मिस्सा साधारण तासाभराची, मराठी प्रोटेस्टंट उपासना दीड-दोन तासांची. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे हे कुणालाच पहिल्या दिवशी येत नाही, पुढच्या बाकावरच्यांकडे बघून करायचं. मिस्सामध्ये एकमेकांना शांती द्यायची वेळ येते, तेव्हा हात जोडून नमस्कार करतात. दानाची थैली पुढे आली की काही न टाकता पुढे दिलीत तरी चालतं. कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताच्या नावाने दिला जाणारा भाकरीचा प्रसाद, मात्र कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतं. त्या वेळी जागेवर बसून राहा, किंवा रांगेत जाऊन छातीवर हात आडवे ठेवा म्हणजे फादर नुसता आशीर्वाद देतील. प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, याला प्रभुभोजन म्हणतात; त्याचा नियम ठिकाणागणिक बदलतो, आधी विचारून घ्यावं.

भाषेचं म्हणाल तर हे फार महत्त्वाचं आहे. वांद्रे, कुलाबा भागात बहुतेक सगळं इंग्रजीत चालतं. मराठी माध्यमातून आलेला माणूस तिथे गेला की गाणं येत नाही, उत्तर म्हणता येत नाही, बाहेर चहाला कुणी "व्हेअर आर यू फ्रॉम" विचारलं की अंग चोरून घेतो. आधीच स्वतःला कमी समजणाऱ्याने शांती शोधायला जाऊन आणखी कमी होऊन यायचं काही कारण नाही. अनेक पॅरिशमध्ये (एका चर्चखालच्या वस्तीला कॅथलिक पॅरिश म्हणतात) मराठी मिस्सा असते, वेळा विचारा. प्रोटेस्टंटांमध्ये भायखळ्याचं ह्यूम मेमोरियल, गिरगावातलं अंब्रोली चर्च ही जुनी मराठी मंडळी. अमेरिकन मिशनरी मुंबईत 1813 मध्ये उतरले, पुढे नगर जिल्ह्यात पसरले, आणि त्या गावांतून आलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतली मराठी चर्च भरत आली आहेत. तिथे टिळकांची भजनं टाळ-पेटीवर म्हणतात. शब्द न येणारा माणूसही दुसऱ्या कडव्याला टाळी धरतो.

स्वतःची किंमत

या शहरात ओळख झाली की दुसरा प्रश्न "काय करता?" आणि तिसरा "कुठे राहता?" दोन्हींची उत्तरं देऊन झाली की समोरच्याने आपली किंमत लावलेली असते, हे आपल्याला त्याच्या डोळ्यांत दिसतं. नोकरी गेलेल्याला, लग्न न जमलेल्याला, चाळीशीतही भाड्याच्या खोलीत असणाऱ्याला हे प्रश्न रोज सोसावे लागतात. मग तो तीच मोजपट्टी घेऊन देवापुढे जातो, आणि तिथेही नापास होतो.

मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशूचा बाप्तिस्मा आहे. तो यार्देन नदीतून वर येतो आणि आकाशातून वाणी होते: तू माझा प्रिय पुत्र, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. हे कधी घडतं ते बघा. तोपर्यंत मार्कच्या सांगण्यात येशूने एकही चमत्कार केलेला नाही, एक प्रवचन दिलेलं नाही, एक शिष्य मिळवलेला नाही. कामगिरी दाखवण्याच्या आधीच बाप "संतुष्ट आहे" म्हणून मोकळा झालाय. कामं पुढे होतात, पण ती शाबासकी मिळवण्यासाठी होत नाहीत. ती आधीच मिळालेली आहे. ख्रिस्ती माणूस आपल्या किमतीबद्दल जे मानतो त्याचं मूळ इथे आहे, आणि बाप्तिस्म्यात हेच वाक्य आपल्यालाही लागू होतं अशी त्याची श्रद्धा आहे.

दुसरी जागा चिमण्यांची. मत्तयात येशू म्हणतो, दोन चिमण्या एका दमडीला विकतात ना? लूकमध्ये हिशेब वेगळा आहे: पाच चिमण्या दोन दमड्यांना. एका दमडीला दोन, तर दोन दमड्यांना चार व्हायला हव्यात. पाचवी कुठून आली? ती वर टाकलेली. मासळीबाजारात वाटा घेतल्यावर कोळीण "घे गं" म्हणून एखादा बारका बांगडा वर टाकते ना, तशी. जिची बाजारात शून्य किंमत, ती. आणि लूकमध्ये पुढचं वाक्य असं आहे की त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. ज्याला स्वतःबद्दल "मी कशात धरला जात नाही" असं वाटतं, त्याने लूक 12:6 ही ओळ कागदावर लिहून पासच्या पाकिटात ठेवावी.

करायचं काय, तर रात्री झोपताना तीन गोष्टी लिहिणं सुरू करा ज्यांचा तुमच्या पगाराशी, मार्कांशी, रंगाशी किंवा आडनावाशी संबंध नाही, तरी त्या तुमच्या आहेत. पहिले काही दिवस पान कोरं राहील. राहू दे. आणि इन्स्टाग्रामवर दुसऱ्याचं नवं घर बघून झाल्यावर ही वही उघडू नका, सकाळी उघडा.

एक गाठ इथे सोडवायला हवी. "ख्रिस्ती धर्म तर माणसाला पापी म्हणतो, मग आत्मसन्मान कसला?" हा प्रश्न येतोच. पाप मान्य करणं आणि स्वतःला तुच्छ मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुमसाराला, म्हणजे फादरजवळ पापांची कबुली द्यायला, बसलात तर त्यांना कृत्य सांगा: मी भावाच्या पैशांबद्दल खोटं बोललो. "मी नालायकच आहे" हे कृत्य नाही, त्याची क्षमाही देता येत नाही. चांगला फादर तुम्हाला तिथेच थांबवेल. बाप्तिस्मा झाला नसेल तर संस्कार म्हणून कुमसार घेता येत नाही, पण वेळ मागून फादरशी किंवा पाळकांशी मन मोकळं करता येतं.

आणि क्षमा म्हणजे मार खायला परत जाणं नव्हे. नवरा मारतो तरी "येशूने क्रूस सोसला, तूही सोस" असं सांगणारा कितीही मोठा असो, तो चुकतोय.

एक माणूस

एलीया डोंगरावर देवाला सांगतो, मी एकटाच उरलो. देव म्हणतो, सात हजार अजून आहेत. सात हजारांची गरज नाही, एक पुरे. पॅरिशच्या छोट्या वस्ती-गटात, बायबल वाचणाऱ्या एखाद्या मंडळात किंवा गाण्याच्या पथकात असा माणूस सापडतो. ओळखायचा कसा? तुम्ही शंका बोलून दाखवलीत की तो लगेच बायबलचं वचन फेकत नाही. दुसऱ्यांची गुपितं तुम्हाला सांगत नाही, म्हणजे तुमचीही सांगणार नाही. आणि तुम्ही दोन रविवार दिसला नाहीत तर फोन करतो. त्याच्यासोबत महिन्यातून एकदा चहा घ्या. जमल्यास दोघं मिळून कुणासाठी तरी काहीतरी करा: आजारी म्हाताऱ्यांना भेटणं, मुलांचा अभ्यास घेणं. आपण कुणाच्या उपयोगी पडतो हे हातांना कळलं की डोकं थोडं शांत होतं.

ज्यांच्यापासून लांब राहायचं तेही सांगतो. औषधं बंद करायला लावणारे. बरं होण्याची हमी देऊन पैसे मागणारे, आणि बरं झालं नाही तर "तुझा विश्वास कमी" म्हणून खापर तुमच्यावर फोडणारे. घरच्यांशी बोलणं तोडायला सांगणारे. तुमच्या आईच्या देवघराची टिंगल करणारे. आणि पहिल्याच भेटीत बाप्तिस्म्याची तारीख काढणारे.

बाप्तिस्म्याची घाई नको

प्रार्थना करायला, बायबल वाचायला, मिस्साला बसायला बाप्तिस्मा लागत नाही. वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसणारी माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांना कुणी उठवलेलं नाही. जन्माने ख्रिस्ती असाल आणि दहा वर्षांनी परतत असाल तर पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. पॅरिशमध्ये जाऊन नाव, पत्ता सांगा, इतकंच.

ज्यांना खरोखर घ्यावासा वाटतो त्यांनी घरच्यांना अंधारात ठेवू नये. कागदपत्रांवर, आरक्षणावर, लग्नावर काय परिणाम होईल ते जाणत्या वकिलाला विचारून घ्यावं, अनुसूचित जातीच्या माणसाने तर नक्कीच, कारण कायद्याने हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच तो दर्जा राहतो. कॅथलिक चर्चमध्ये मोठ्या माणसांसाठी कित्येक महिन्यांची तयारी असते आणि बाप्तिस्मा साधारण ईस्टरच्या आदल्या रात्री होतो, तेव्हा पावसाळ्यातच चौकशी केलेली बरी. पॅरिशचं ऑफिस बहुतेक ठिकाणी सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडं असतं, आणि एक दिवस सुट्टी असते. फोन करून जा, आणि जाताना ती प्रश्नचिन्हांची पेन्सिल लागलेली प्रत सोबत न्या. शिकवणाऱ्याचं काम सोपं होतं.